यूएसबी-सीरियल अडॅप्टर: जोडणी आणि बिघाडाचा शोध

साखर कारखान्याच्या भुईकाट्याचा इंडिकेटर, दूध संकलन केंद्रातला वजनकाटा, भोसरीच्या किंवा शिरोलीच्या शॉपमधली जुनी सीएनसी, नेटवर्क स्विचचा कन्सोल पोर्ट. ही यंत्रं आजही आरएस-२३२ या जुन्या सीरियल जोडणीवर चालतात. लॅपटॉपवरून मात्र तिचा नऊ पिनांचा पोर्ट कधीच गेला. त्यामुळे मध्ये यूएसबी-सीरियल अडॅप्टर लागतो. तो लावला की काम चालतं किंवा चालत नाही, आणि चाललं नाही की बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा टाकत बसतात. दोष केबलमध्ये असेल तर ड्रायव्हर दहा वेळा टाकूनही काही होणार नाही.

बिघाड शोधायची योग्य दिशा एकच: संगणकाकडून यंत्राकडे. आधी चिप ओळखली जाते का, मग पोर्ट उघडतो का, मग अडॅप्टरच्या टोकापर्यंत अक्षर जाऊन परत येतं का, मग केबल आणि सगळ्यात शेवटी बॉड रेट, म्हणजे अक्षरं पाठवायचा वेग. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट सिद्ध करायची आणि ती सिद्ध झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. हाताशी साधा मल्टिमीटर, एक छोटा जंपर वायरचा तुकडा आणि नऊ पिनांचा एक सुटा फीमेल कनेक्टर ठेवा.

घेताना काय बघायचं

सगळ्यात महागात पडणारी गल्लत इथेच होते. ‘यूएसबी टू सीरियल’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक आरएस-२३२ पातळीची, नऊ पिनांचा मेल कनेक्टर असलेली. दुसरी टीटीएल पातळीची, चार-सहा उघड्या पिनांची छोटी पट्टी, जी आर्डुइनो किंवा ईएसपी बोर्डांसाठी असते. आरएस-२३२ मध्ये लाइन निवांत असताना तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं. पाठवणाऱ्या बाजूला ‘एक’ म्हणजे उणे ५ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक ५ ते अधिक १५ व्होल्ट. ऐकणाऱ्या बाजूला ३ व्होल्टपर्यंत घसरलेला सिग्नलही चालतो. टीटीएलमध्ये ‘एक’ म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे ० व्होल्ट. म्हणजे पातळी वेगळी आणि दिशाही उलटी. वजनकाट्याची आरएस-२३२ लाइन थेट टीटीएल पट्टीला लावली तर पट्टीची चिप जळू शकते. टीटीएल पट्टीचा सिग्नल काट्याला दिला तर काट्याला तो उलटा दिसतो आणि त्यातून काही अर्थ लागत नाही. दोघांना जोडायचंच असेल तर मध्ये मॅक्स३२३२ सारखी पातळी बदलणारी चिप हवी.

दुसरी गोष्ट आतल्या चिपची. बाजारात चार घराणी भेटतात: एफटीडीआयची एफटी२३२, प्रोलिफिकची पीएल२३०३, डब्ल्यूसीएचची सीएच३४० आणि सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२. ज्या यंत्रावर रोजचा धंदा अवलंबून आहे तिथे खऱ्या एफटीडीआय चिपचा अडॅप्टर घ्यावा. जास्तीचे पैसे वसूल होतात. सीएच३४० स्वस्त आहे आणि साध्या कामाला पुरेशी आहे. खरा त्रास नकली चिपांचा. एफटीडीआयने २०१४ मध्ये काढलेल्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी (संगणक चिप ओळखतो तो आकडा) शून्य करून टाकला होता, त्यामुळे काल चालणारे अडॅप्टर आज ओळखलेच जाईनात. २०१६ च्या ड्रायव्हरने तर नकली चिप सापडली की डेटाच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ असा मजकूर पाठवायला सुरुवात केली. काट्याच्या वजनाऐवजी स्क्रीनवर हे शब्द आले तर काट्यात दोष शोधू नका.

काही अगदी स्वस्त आरएस-२३२ अडॅप्टर ऋण व्होल्टेज नीट तयारच करत नाहीत. पिन ३ वर उणे ६ व्होल्टऐवजी जेमतेम शून्य मिळतं. नवीन पीसीबरोबर असे अडॅप्टर चालूनही जातात, पण जुनं यंत्र त्यांचं ऐकत नाही. हे मल्टिमीटरने मिनिटात कळतं, त्याबद्दल पुढे.

विंडोजवर पहिली ओळख

शक्यतो आधी इंटरनेट जोडा आणि मग अडॅप्टर लावा. विंडोज १० आणि ११ बहुतेक चिपांचा ड्रायव्हर स्वतःच आणतात. नंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘पोर्ट्स’ या फांदीखाली बघा. तिथे चिपच्या नावापुढे ‘कॉम३’, ‘कॉम७’ असा क्रमांक दिसला की पहिली पायरी झाली.

फांदीच दिसत नसेल तर ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळं चिन्ह आहे का ते पाहा. त्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. तिथे व्हीआयडी (कंपनीचा) आणि पीआयडी (उत्पादनाचा) असे दोन आकडे मिळतात आणि तीच चिपची खरी ओळख, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. ०४०३ म्हणजे एफटीडीआय, ०६७बी म्हणजे प्रोलिफिक, १ए८६ म्हणजे डब्ल्यूसीएच, १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्स. मग त्या चिप कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्या. ‘मोफत ड्रायव्हर’ देणाऱ्या भलत्या साइटवर जाऊ नका, तिथून ड्रायव्हरबरोबर नको ते सामानही येतं.

एरर कोडही बोलके असतात. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड ४३, किंवा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ म्हणजे यूएसबीच्या पातळीवरच संवाद झाला नाही. इथे ड्रायव्हरचा प्रश्न नसतो. दुसरं सॉकेट वापरा, हब आणि एक्स्टेन्शन काढा. तरीही तेच आलं तर अडॅप्टर किंवा त्याची यूएसबी वायर गेली आहे.

कोड १० बहुतेक वेळा प्रोलिफिकचा. पीएल२३०३ च्या जुन्या एचएक्सए आवृत्तीला कंपनीने २०१२ पासून निवृत्त केलं, आणि नवा ड्रायव्हर ती चिप दिसताच काम नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागीच ‘फेज्ड आउट सिन्स २०१२’ असं लिहून येतं. नकली चिप असेल तर ‘धिस इज नॉट प्रोलिफिक’ असं येतं. उपाय म्हणजे जुना ड्रायव्हर: ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’, आणि यादीतून ३.३.११.१५२ सारखी २०१० च्या काळातली आवृत्ती निवडा. यादीत जुनी आवृत्ती नसेल तर ती आधी वेगळी इन्स्टॉल करावी लागते. पण विंडोज अपडेट एखाद्या रात्री पुन्हा नवा ड्रायव्हर आणून बसवतं आणि सकाळी काटा बंद. म्हणून ही तात्पुरती मलमपट्टी समजा आणि अडॅप्टर बदला.

आता कॉम क्रमांक. अडॅप्टरच्या चिपमध्ये सीरियल नंबर नसेल तर विंडोज यूएसबी सॉकेट बदललं की नवा कॉम क्रमांक देतं. काल ‘कॉम४’ होता, आज शेजारच्या सॉकेटमध्ये लावला म्हणून ‘कॉम११’ झाला, आणि काट्याचं सॉफ्टवेअर अजून ‘कॉम४’ वरच वाट पाहतंय. जुन्या प्रोग्रॅमना तर ‘कॉम९’च्या पुढचं दिसतच नाही. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट सेटिंग्ज’, मग ‘अॅडव्हान्स्ड’, तिथे कॉम पोर्ट नंबर बदलून खालचा एखादा निवडा. सगळेच क्रमांक ‘इन यूज’ दाखवत असतील तर तो जुन्या, आता न जोडलेल्या अडॅप्टरांचा कचरा आहे: व्ह्यू मेनूमधून ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा आणि पोर्ट्सखालच्या पुसट नोंदी अनइन्स्टॉल करा. काम झाल्यावर सॉकेटजवळ रंगीत टेप लावून ठेवा, म्हणजे ऑपरेटर अडॅप्टर त्याच जागी लावेल.

लिनक्स आणि मॅक

लिनक्समध्ये या चारही चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. अडॅप्टर लावून टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ चालवा. शेवटच्या ओळींत चिपचं नाव आणि ‘टीटीवाययूएसबी०’ असं दिसायला हवं. आर्डुइनो उनोसारखे काही बोर्ड मात्र ‘टीटीवायएसीएम०’ या नावाने येतात.

पोर्ट दिसतो पण ‘परमिशन डिनाइड’ येतं, तेव्हा तुमचा युजर त्या गटात नसतो. डेबियन-उबुंटूमध्ये गटाचं नाव ‘डायलआउट’, आर्चमध्ये ‘यूयूसीपी’. ‘युजरमॉड’ला कॅपिटल जीच्या आधी छोटा ए असलेला पर्याय देऊन युजरला त्या गटात घाला. छोटा ए विसरलात तर तो युजर बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडेल, सुडोच्या गटातूनही. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन व्हा. नुसती टर्मिनल खिडकी बंद करून भागत नाही.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा अडॅप्टर लावला की पोर्ट क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. दोषी ‘बीआरएलटीटीवाय’ हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज. काही ब्रेल यंत्रांत हीच चिप असते, म्हणून ते पोर्ट आपल्याकडे ओढून घेतं. डीमेसेजमध्ये त्याचं नाव स्पष्ट येतं. त्या संगणकावर कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर ‘एपीटी रिमूव्ह’ने ते पॅकेज काढा. दुसरा घुसखोर ‘मॉडेममॅनेजर’. हा नवा पोर्ट मोडेम आहे का ते तपासायला सुरुवातीलाच ‘एटी’ आज्ञा पाठवतो. यंत्राला त्या अनोळखी अक्षरांनी गोंधळायला होत असेल तर ही सेवा बंद करा.

दोन अडॅप्टर असतील तर कोण ‘०’ आणि कोण ‘१’ हे दर वेळी बदलू शकतं. प्रोग्रॅममध्ये ‘टीटीवाययूएसबी०’ लिहिण्याऐवजी डेव्हमधल्या ‘सीरियल’ फोल्डरमधलं ‘बाय-आयडी’खालचं लांब नाव द्या. सीएच३४० ला सहसा सीरियल नंबर नसतो, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात. तिथे ‘बाय-पाथ’ वापरा, ते सॉकेटवरून ओळखतं.

मॅकवर एकच लक्षात ठेवायचं: प्रत्येक पोर्टची दोन नावं दिसतात, ‘टीटीवाय’ने सुरू होणारं आणि ‘सीयू’ने सुरू होणारं. ‘सीयू’वालं घ्या. ‘टीटीवाय’वालं कॅरियर डिटेक्ट या मोडेमच्या सिग्नलची वाट पाहत अडकून राहतं.

लूपबॅक: यात वेळ घालवा

ही चाचणी न करता पुढे जाणं म्हणजे सगळा दिवस अंधारात चाचपडणं. अडॅप्टरपासून यंत्राची केबल काढा. अडॅप्टरच्या नऊ पिनांपैकी २ आणि ३ वायरच्या तुकड्याने जोडा. पिन २ म्हणजे ऐकणं, ३ म्हणजे पाठवणं. सुट्या फीमेल कनेक्टरवर २ आणि ३ ला कायमचा टाका मारून ठेवला तर फारच बरं. तो अडॅप्टरवर खोचला की झाली चाचणी, आणि वायर निसटून बाजूच्या पिनला लागण्याची भीती नाही.

विंडोजवर पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, ‘सीरियल’ निवडा, कॉम क्रमांक आणि वेग ९६०० द्या. आता डावीकडे ‘सीरियल’ सेटिंगमध्ये जाऊन फ्लो कंट्रोल (समोरच्याला ‘थांब’ किंवा ‘पाठव’ सांगायची पद्धत) ‘नन’ करा. पुटीमध्ये तो मुळात ‘एक्सऑन-एक्सऑफ’ असतो आणि ऐन वेळी दगा देतो. लोकल इको (टाइप केलेलं प्रोग्रॅमने स्वतःच दाखवणं) बंद ठेवा. मग टाइप करा. जे टाइप कराल ते स्क्रीनवर उमटलं पाहिजे. आता जंपर काढा आणि पुन्हा टाइप करा. काही उमटता कामा नये. ही दुसरी अर्धी चाचणी लोक टाळतात. जंपर काढल्यावरही अक्षरं दिसत असतील तर ती लोकल इकोची होती आणि पहिल्या निकालाला काही अर्थ नव्हता.

लिनक्सवर ‘स्क्रीन’ किंवा ‘पिकोकॉम’ने हेच करा. मिनिकॉम वापरत असाल तर त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. पिन ७ आणि ८ जोडलेल्या नसतील तर तो सीटीएसची, म्हणजे ‘पाठव’ या परवानगीच्या सिग्नलची, वाट बघत गप्प राहतो आणि अडॅप्टर मेल्यासारखा वाटतो. तो पर्याय ‘नो’ करा.

पोर्टच उघडत नसेल आणि ‘अॅक्सेस डिनाइड’ येत असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमने तो धरून ठेवलाय. एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. काट्याचं बिलिंग सॉफ्टवेअर बंद केल्यावरही त्याची सेवा मागे चालू राहते, ती टास्क मॅनेजरमधून थांबवा.

लूपबॅक पास झाला तर यूएसबी, ड्रायव्हर, चिप आणि कॉम क्रमांक एकदम निर्दोष ठरतात. यानंतर ड्रायव्हरला हात लावायचा नाही. लूपबॅक एकच गोष्ट सिद्ध करत नाही, ती म्हणजे व्होल्टेजची पातळी, कारण अडॅप्टर स्वतःचाच अशक्त सिग्नल स्वतः ऐकू शकतो. म्हणून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब पिन ५ ला, लाल पिन ३ ला. प्रोग्रॅमने पोर्ट उघडलेला असू द्या, कारण काही अडॅप्टर तोवर व्होल्टेज चालूच करत नाहीत. साधारण उणे ५ ते उणे ९ दिसलं तर उत्तम. शून्याच्या आसपास असेल तर अडॅप्टर बदला.

केबल: सरळ की क्रॉस

पीसीच्या बाजूचा नऊ पिनांचा क्रम असा: १ कॅरियर डिटेक्ट, २ रिसीव्ह, ३ ट्रान्समिट, ४ डीटीआर, ५ ग्राउंड, ६ डीएसआर, ७ आरटीएस, ८ सीटीएस, ९ रिंग. यंत्र मोडेमच्या पद्धतीने वायर केलेलं असेल तर सरळ केबल लागते, दोनला दोन आणि तीनला तीन. पीसीच्या पद्धतीने केलेलं असेल तर क्रॉस, म्हणजे २ ला ३ आणि ३ ला २, ५ ला ५. मॅन्युअल हरवलेलं असतं आणि केबलवर काही लिहिलेलं नसतं. छोट्या जेंडर चेंजरमध्ये सरळ आणि क्रॉस दोन्ही प्रकार बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात. म्हणून अंदाज नको, मोजा.

यंत्र चालू करा, केबल यंत्राला लावा, पण अडॅप्टरला लावू नका. केबलच्या मोकळ्या टोकावर पिन ५ च्या तुलनेत पिन २ आणि पिन ३ वरचं व्होल्टेज बघा. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ मिळतं ती यंत्राची पाठवणारी लाइन. जी शून्याजवळ राहते ती ऐकणारी. पीसी पिन २ वर ऐकतो, तेव्हा ऋण व्होल्टेज पिन २ वर आलं पाहिजे. ते ३ वर आलं तर दोन पाठवणारे समोरासमोर आलेत: मध्ये क्रॉस अडॅप्टर घाला किंवा केबलमध्ये २-३ ची अदलाबदल करा. कुठेच व्होल्टेज नसेल तर केबल तुटली आहे, ग्राउंड भलत्याच पिनवर आहे किंवा यंत्राचा पोर्ट गेला आहे. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर आकडा स्थिर राहत नाही आणि कमी ऋण दिसतो, हे साहजिक आहे. यंत्र बंद करून ओहमवर मोजलं तर ऐकणारी पिन आणि ग्राउंड यांच्यात ३ ते ७ किलोओहम मिळतात, तीही एक खूण.

हँडशेकच्या, म्हणजे ‘तयार आहे’ किंवा ‘पाठव’ सांगणाऱ्या, लाइनींमुळे काही यंत्रं अडून बसतात. तीन वायरींची केबल असेल आणि यंत्राला सीटीएस हवा असेल तर ते काहीच पाठवत नाही. यंत्राच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये ७-८ एकमेकांना आणि १-४-६ एकमेकांना जोडले की यंत्र स्वतःच स्वतःला ‘तयार आहे’ असं सांगतं.

फानुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या सीएनसीवर २५ पिनांचा कनेक्टर असतो. नेहमी चालणारी केबल अशी: मशीनकडची २ पीसीच्या २ ला, ३ पीसीच्या ३ ला, ७ पीसीच्या ५ ला. मशीनच्या बाजूला ४-५ जोडा आणि ६-८-२० जोडा. २५ पिनांत पाठवणारी २ आणि ऐकणारी ३ असल्याने इथे आकडे सरळ दिसले तरी जोडणी क्रॉसच होते. सगळ्या २५ वायरी असलेली तयार केबल इथे लावू नका. फानुकच्या पिन २५ वर २४ व्होल्ट असतात आणि ते भलतीकडे गेले तर अडॅप्टरसकट लॅपटॉप जाऊ शकतो. वेग ४८०० किंवा ९६००, ७ डेटा बिट, ईव्हन पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ, ही तिथली नेहमीची सेटिंग. अलार्म नेमकं सांगतात: ०८६ आला तर डीआर (समोरचा तयार असल्याचा) सिग्नल नाही, म्हणजे ६-८-२० चा जंपर सुटलाय. ०८५ म्हणजे वेग किंवा पॅरिटी जुळत नाही. ०८७ म्हणजे बफर ओसंडला: मशीनने ‘थांब’ म्हटलं तरी पीसी पाठवतच राहिला. असं यूएसबी अडॅप्टरवर जास्त होतं, कारण ‘थांब’ वाचून अमलात येईपर्यंत बफरमधली अक्षरं निघून गेलेली असतात. एक्सऑन-एक्सऑफ चिपमध्येच हाताळणारा एफटीडीआय अडॅप्टर घ्या, सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय चालू आहे ना ते बघा, आणि तरीही भागलं नाही तर वेग कमी करा.

नेटवर्क स्विचच्या कन्सोलला फार काही नसतं. सिस्कोची निळी रोलओव्हर केबल, ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल नाही.

कचरा अक्षरं वाचायला शिका

अक्षरं येतात पण भलतीच येतात, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. केबल बरोबर आहे, ग्राउंड आहे, उरलं फक्त सेटिंग. सगळीच अक्षरं विचित्र असतील तर वेग चुकलाय. वजनकाट्यांवर आधी ९६०० मग २४००, १२००, ४८०० असं करून बघा. दोन्ही बाजूंच्या वेगात दोनेक टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, त्यामुळे ‘जवळपासचा’ वेग असं काही नसतं.

काही अंक बरोबर आणि काही चूक येत असतील तर वेग बरोबर आहे, पॅरिटी चुकली आहे. ०, ३, ५, ६, ९ व्यवस्थित दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी खुणा उमटतात: समजा की यंत्र ७ बिट, ईव्हन पॅरिटीने पाठवतंय आणि तुम्ही ८ बिट, नो पॅरिटीने वाचताय. पहिल्या गटातल्या अंकांच्या आस्की कोडमध्ये ‘एक’ची संख्या सम असते, म्हणून पॅरिटीचा बिट शून्य राहतो आणि अंक तसाच दिसतो. दुसऱ्या गटात ती विषम असते, पॅरिटी बिट एक होतो आणि आठवा बिट समजून वाचला जातो. नेमकं उलट दिसलं, १, २, ४, ७, ८ बरोबर आणि बाकीचे बिघडलेले, तर पॅरिटी ऑड आहे. काट्यावर ओळखीची वजनं ठेवून हे दोन मिनिटांत पक्कं होतं.

आकडे बरोबर पण सगळे एकाच ओळीवर एकमेकांवर छापले जात असतील तर तो दोष नाही. यंत्र ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न पाठवतं पण लाइन फीड पाठवत नाही. पुटीच्या ‘टर्मिनल’ सेटिंगमध्ये प्रत्येक सीआरबरोबर एलएफ धरण्याचा पर्याय आहे. आणि काहीच येत नसेल तर इंडिकेटरच्या मेनूत जाऊन तो ‘कंटिन्युअस’ पाठवतोय की ‘प्रिंट’ बटण दाबल्यावरच, ते पाहा.

चालतं, पण मधेच बिघडतं

संगणक सुरू करताना माउसचा बाण स्क्रीनभर वेडावाकडा धावतो, आपोआप क्लिक होतात. सतत वजन पाठवणाऱ्या काट्यांबाबत हे हमखास घडतं. विंडोज त्या डेटाला जुन्या सीरियल माउसचा डेटा समजतं. काटा बंद करा म्हणजे बाण शांत होईल, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या फांदीखाली ‘मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट’ शोधून तो डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, केला तर पुढच्या वेळी तो पुन्हा सापडेल. एफटीडीआय अडॅप्टर असेल तर पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधली ‘सीरियल एन्युमरेटर’ची खूण काढली की मूळच संपतं.

थोडा वेळ काम नसलं की पोर्ट गायब होतो: वीज वाचवण्याचं सेटिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली, डिव्हाइस बंद करायला परवानगी देणारी खूण काढा, आणि पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

शेजारची मोटर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) चालू झाली की संपर्क तुटतो, तेव्हा विद्युत गोंगाट यूएसबीच्या वायरीत शिरतोय. लिनक्सच्या डीमेसेजमध्ये ‘डिसेबल्ड बाय हब’ आणि पुढे ‘ईएमआय’ असा शब्द येतो. अडॅप्टर परत जोडला जातो पण प्रोग्रॅमने जुनं नाव धरून ठेवल्याने ‘टीटीवाययूएसबी१’ होऊन बसतो. इथे यूएसबीची बाजू जितकी आखूड ठेवाल तितकं बरं. लांबी वाढवायची ती आरएस-२३२ च्या बाजूला, शील्ड असलेल्या केबलने. ९६०० वर १५ मीटर बिनधास्त चालतं. यूएसबीचं एक्स्टेन्शन गुंडाळून मोटरच्या केबलशेजारून नेणं ही सगळ्यात वाईट रचना. १५ मीटरहून लांब जायचं असेल, भुईकाट्यापासून ऑफिस शंभर मीटरवर असेल, तर आरएस-४८५ वर जा, ते १२०० मीटरपर्यंत जातं.

मॉडबस आरटीयू या औद्योगिक संवादपद्धतीवर अधूनमधून टाइमआउट येत असतील आणि अडॅप्टर एफटीडीआयचा असेल तर अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘लेटन्सी टाइमर’ बघा. तो मुळात १६ मिलिसेकंद असतो, म्हणजे बफर भरला नाही तर उत्तर तेवढा वेळ चिपमध्येच पडून राहतं. १ करा.

आता चिपा जळण्याबद्दल. भुईकाटा उघड्यावर, इंडिकेटर एका अर्थिंगवर आणि पीसी दुसऱ्या. दोन अर्थिंगमध्ये फरक पडला की तो प्रवाह केबलच्या पिन ५ मधून वाहतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर हा फरक क्षणभर प्रचंड होतो. अडॅप्टर, यूएसबी पोर्ट आणि इंडिकेटर तिघांनाही झळ बसते. अशा जागी ऑप्टिकल किंवा मॅग्नेटिक आयसोलेशन असलेलाच अडॅप्टर वापरा, आणि पीसी व इंडिकेटरला एकाच अर्थिंगच्या बोर्डवरून वीज द्या. ढग दाटून आले की केबल इंडिकेटरच्या बाजूने काढून ठेवा. नुसता पीसी बंद केल्याने वायरीचा रस्ता तुटत नाही.

झटका बसून गेल्यावर तपासणी त्याच क्रमाने: अडॅप्टर ओळखला जातो का, लूपबॅक होतो का, पिन ३ वर ऋण व्होल्टेज आहे का. हे सगळं ठीक असेल आणि इंडिकेटरच्या पाठवणाऱ्या पिनवर व्होल्टेज शून्य असेल तर इंडिकेटरचा पूर्ण बोर्ड बदलायची घाई करू नका. बऱ्याचदा फक्त कनेक्टरजवळची मॅक्स२३२ गेलेली असते, सोळा पायांची छोटी चिप, जिच्याभोवती चार-पाच कपॅसिटर दिसतात. तिच्या पिन १६ वर ५ व्होल्ट पोचत असूनही पिन ६ वर उणे ८ ते उणे १० तयार होत नसेल तर आधी ते कपॅसिटर तपासा, मग चिप बदला.